गयामायचं गवत

मंगलचा फोन आला तेव्हा मी परभणीला लेकीकडे होते. नातीची वेणी घालून झाली होती, रिबीन बांधायची तेवढी राहिली होती. मंगल म्हणजे गयामायची सून. ती फोनवर कधी सरळ विषयाला येत नाही. आधी तब्येत, मग पाऊसपाणी, मग काम. त्या दिवशी तिनं हे सगळं वगळलं. “बाई, आत्याबाई गेल्या,” म्हणाली, आणि मग कसं झालं ते सांगितलं. सकाळी भाकरी खाल्ली, मेंढरं सोडायला म्हणून उठल्या, उंबऱ्यावर टेकल्या आणि तिथंच मान टाकली. दुखलं नाही, खुपलं नाही. मी रिबीन हातात धरून उभीच. नात विचारत होती, आजी, कोण गेलं? आमच्या गावची एक धनगरीण गेली, असं सांगितलं असतं तर ते खरं असूनही खोटं झालं असतं. तिला जाऊन आता महिना होत आला, तरी नातीच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी जुळवतेच आहे.

आमचं गाव जिंतूर तालुक्यात, चारठाण्याच्या अलीकडं. गावाच्या वरच्या अंगाला गायरान आहे. मुरमाड, उताराचं, नांगर लागणार नाही असं. पावसाळ्यात त्यावर गुडघाभर गवत येतं आणि मार्गशीर्षापर्यंत ते पिवळं पडतं. आम्हा शेतकऱ्यांच्या लेखी ती पडीक जमीन. गयामाय आणि आणखी चार-पाच धनगरांच्या घरांच्या लेखी तेच शेत. त्यांच्यातले बाप्ये दिवाळीनंतर मोठे कळप घेऊन गोदावरीच्या अंगाला निघून जात. मागं राहत त्या बाया, म्हातारी माणसं, थोडी मेंढरं, लहान कोकरं आणि घरापुरती शेरडं, म्हणजे शेळ्या. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून गयामायला पाहत होते, पण पाहणं आणि ओळखणं यात मोठं अंतर असतं. उंच, काटक बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. वाटेत भेटली की “काय पाटलीणबाई, बरं हाय का” म्हणायची आणि उत्तराची वाट न बघता पुढं जायची. तिची मेंढरं थांबत नसत, म्हणून तीही थांबत नसे.

सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं आणि मी सरपंच झाले, त्याच काळात सौर प्रकल्पाचा प्रस्ताव आला. गायरानावर सूर्याच्या काचा बसवायच्या, त्यातून निघणारी वीज आमच्याच शेतातल्या पंपांना दिवसा द्यायची. दिवसा, हा शब्द शहरातल्या वाचकांना साधा वाटेल. आमच्याकडं पंपाची वीज पाळीनं येई, आणि ती पाळी बहुतेक करून रात्रीची. आमच्या भाऊबंदांच्या घरातला कर्ता मुलगा रात्री गव्हाला पाणी देताना साप चावून गेला, त्याची आई अजून विहिरीकडं बघत नाही. माझे मालक बॅटरी घेऊन निघाले की मी ते परत येईपर्यंत जागी असे. म्हणून मी आजही सांगते, प्रकल्प हवाच होता, आणि त्यासाठी मी जे जे केलं ते पुन्हा करीन.

पण गाव काही एका मनाचं नसतं. कुणी म्हणे, काचा सगळं ऊन पिऊन घेतात, पिकाला ऊन उरत नाही. कुणी म्हणे, तापलेल्या काचांवरून ढग फाटून जातात. एका म्हाताऱ्यानं तर शपथेवर सांगितलं की काचांखालचं गवत खाल्लेली मेंढी गाभण राहत नाही. दुसऱ्या बाजूला तरुणांना वाटत होतं, आता घराघरात फुकट वीज येणार. भीती आणि हाव दोन्ही सारख्याच जोरात होत्या. ग्रामसभेत मी सगळ्यांना बोलू दिलं, मग हात वर करायला लावले. गाव प्रकल्पाच्या बाजूनं झुकलं. गयामाय मागं खांबाला टेकून बसली होती. तिनं हात वर केला नाही. विरोधात कोण, असं विचारलं तेव्हाही केला नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या ओसरीवर आली. मी भांडणाची तयारी करूनच बसले होते. तिनं पाणी घेतलं, तांब्या खाली ठेवला आणि विचारलं की काचा जमिनीपासून किती उंच असतात. मी हातानं दाखवलं, कमरेच्या आसपास. मग खाली गवत उगवेल का? उगवेल. मग ते कोण खाईल? कंपनीवाले ते यंत्रानं कापतील, मी म्हटलं. “मग कापायचं कशाला,” ती म्हणाली, “आमची मेंढरं हायत की.” त्या क्षणी मला ती भोळी वाटली. तारेच्या कुंपणाआड, विजेच्या वायरींमध्ये मेंढरं सोडायची, हे कुणी मान्य करील असं मला वाटलं नाही.

मधे एक गोष्ट घडली. तालुक्यातून दोन गाड्या भरून पुढारी मंडळी आली. गायरान वाचवा, असा फलक त्यांनी बरोबरच आणला होता. त्यांना गयामाय हवी होती, पुढं बसवायला. आम्ही प्रकल्प अडवून दाखवतो, तुम्ही फक्त मेंढरं घेऊन रस्त्यावर बसा, असं त्यांनी सांगितलं. ऐकणाऱ्याला पटावं असं बोलत होते, आणि त्यातलं बरंचसं खरंही होतं. मी लांब उभी होते, मला वाटलं, संपलं. गयामायनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मला सूर्य अडवायचा न्हाई. मला गवत पायजे.” पुढारी आणखी थोडा वेळ समजावत राहिले. ती उठून मेंढरांमागं गेली. गाड्या फलक घेऊन आल्या तशा परत गेल्या. आपल्या पाठीशी उभं राहायला आलेल्या माणसांना असं परत पाठवायला काय लागतं, याचा मी पुढं कितीतरी दिवस विचार करत होते.

मग मी तिला घेऊन कंपनीच्या इंजिनिअरकडं गेले. तरुण पोरगा, सांगलीकडचा, माणूस नीट. त्यानं तिचं ऐकलं, चार जणांना फोन केले, आणि आठवड्यानं उत्तर आणलं. एक वर्ष करून बघू. अर्ध्या भागात, नाल्याच्या अंगाला. बाकी अर्ध्यात आम्ही यंत्रानं गवत कापू. पण अट एकच, शेरडं नकोत. मेंढरू मान खाली घालून चरतं. शेरडू वर चढतं, काचेवर उभं राहतं, वायर चावतं. एक जरी शेरडू आत दिसलं तर करार संपला.

वाचणाऱ्याला ही अट हलकी वाटेल. पण शेरडं कळपातच असतात, त्यांच्यासाठी वेगळं माणूस घरी कुठलं ठेवणार? आणि धनगराच्या घरातलं दूध म्हणजे शेरडाचं दूध. अडीअडचणीला विकायचं तेही शेरडू. बाकीच्या घरांनी साफ नाही म्हटलं. गयामाय कुणालाही समजवायला गेली नाही. पुढच्या बाजारच्या दिवशी तिनं आपली सगळी शेरडं एका टेम्पोत चढवली आणि जिंतूरला नेली. मला पंचायत समितीत काम होतं म्हणून मी त्याच टेम्पोत पुढं बसले, आणि काम झाल्यावर बाजारात तिला शोधत गेले.

तिथं जे पाहिलं ते मी विसरणार नाही. ती भाव करत नव्हती. जो घेईल त्याला त्या त्या शेरडाचा स्वभाव सांगत होती. हिला पावसाची भीती वाटती, वीज कडाडली की जवळ घ्या. ही डाव्या अंगाला बसल्याबिगर धार देत न्हाई. हिला मीठ लय आवडतं… घेणारे ऐकत होते की नाही कोण जाणे. शेवटी एक पांढरी उरली, चंद्री. आई मेल्यावर गयामायनं तिला बाटलीनं वाढवलं होतं. चंद्रीनं नेहमीसारखे पुढचे दोन्ही पाय तिच्या खांद्यावर टाकले. गयामायनं ते हळूच काढून खाली ठेवले, दावं दुसऱ्याच्या हातात दिलं आणि वळून चालू लागली. परत येताना टेम्पोत तिच्या मांडीवर रिकाम्या दाव्यांचा गुंडा होता. बामणीच्या पुढं आल्यावर ती एकदाच बोलली. “चढायचा गुण देवानं दिला. तिचा काय गुन्हा.” त्यानंतर महिनाभरात बाकीच्या घरांची शेरडंही बाजारात गेली.

काचा बसल्या. पाऊस पडला, आणि ढग कुठंही फाटून गेले नाहीत. दिवसा पंप चालू झाले तेव्हा माझे मालक भर दुपारी बांधावर उभे राहून नुसतं पाणी बघत होते. पहिल्या उन्हाळ्यात मी गायरानावर गेले आणि थबकले. टेकडीवर काळ्यानिळ्या काचांच्या रांगा, त्यांवर डोळ्याला डोळा भिडवू न देणारं ऊन, आणि प्रत्येक रांगेखाली सावलीची एक पट्टी, त्या पट्टीत रवंथ करत बसलेली मेंढरं. सूर्य कलेल तशी सावली सरकत होती, आणि सावलीबरोबर मेंढरंही उठून चार पावलं सरकून पुन्हा बसत होती. वर ऊन वीज होत होतं, खाली तेच ऊन दूध आणि लोकर होत होतं. मी देवळातही इतकी गप्प कधी उभी राहिले नाही.

त्याच वर्षी, होळीनंतर, शेजारच्या शिवारात कुणीतरी कापणीनंतर उरलेली धसकटं पेटवली. दुपारचा वारा अचानक फिरला. कंपनीच्या वाट्याच्या अर्ध्या भागातलं गवत कापायचं राहून गेलं होतं. यंत्र बिघडलं होतं म्हणे. ते वाळलेलं, काचांच्या कडेला टेकलेलं गवत एकदम धडाडून पेटलं. आम्ही गावातून धूर पाहून पळालो. एकच फाटक, आणि ते नेमकं पेटलेल्या बाजूला. गयामाय मेंढरांसकट आत होती. मंगल कुंपणाची तार हातानं ओढत होती, तिच्या तळव्यातून रक्त येत होतं. धुरात काही दिसत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, गेली म्हातारी. आणि तेवढ्यात धुराच्या पलीकडून हाळी ऐकू आली. लांबलेली, सावकाश, रोज संध्याकाळी मेंढरं गोळा करताना ती घालायची तीच.

ती फाटकाकडं धावलीच नव्हती. तिनं मेंढरं उलटी वळवली होती, नाल्याच्या अंगाला, जिथं त्यांनी वर्षभर चरून जमीन मुरमापर्यंत उघडी केली होती. आग त्या हद्दीपर्यंत आली आणि खायला काही न मिळाल्यामुळं बसली. धूर विरला तेव्हा काळ्या पडलेल्या अर्ध्या टेकडीच्या पलीकडं अर्धी टेकडी जशीच्या तशी होती, आणि तिच्या मधोमध, मेंढरांच्या घोळक्यात, गयामाय उभी. तिचा पदर राखेनं भरला होता. आम्ही तार कापून आत शिरलो. मी तिचे हात धरले. “पोरी,” ती म्हणाली, “मेंढरांला पाणी बघ.” तोपर्यंत मी तिच्यासाठी पाटलीणबाई होते, सरपंचबाई होते. त्या दिवसापासून पोरी झाले, ते शेवटपर्यंत.

जळालेल्या काचा बदलायला वेळ लागला, तेवढे दिवस गावाला पुन्हा रात्रीची पाळी आली. तेव्हा मात्र कुणी काचांना नावं ठेवली नाहीत. कधी दुरुस्त होणार, एवढंच विचारत होते. कंपनीनं यंत्र परत पाठवलं, सगळं गवत धनगरांना खुलं केलं, नाल्याच्या अंगाला दुसरं फाटक बसवलं. आता शेजारच्या गावांची माणसं बघायला येतात. गयामाय होती तोवर तिला पुढं करून फोटो काढत. ती फोटोत कधी हसली नाही. तिचं अर्धं लक्ष मेंढरांकडं असायचं.

गयामायचे दिवस झाल्यानंतर मी मंगलबरोबर गायरानावर गेले. मेंढरं होती, सावलीच्या पट्ट्या होत्या, सगळं चाललं होतं. मंगल मला तिसऱ्या रांगेच्या टोकाला घेऊन गेली. तिथल्या लोखंडी खांबाला टेकून गयामाय दुपारी बसायची. इतकी वर्षं टेकून टेकून, बसल्या माणसाचं डोकं येईल त्या उंचीवर, खांबावर खोबरेल तेलाचा एक गोल, काळसर, चकचकीत डाग पडला आहे. मागच्या पंधरवड्यात सगळ्या खांबांना नवा रंग दिला. आजूबाजूचे खांब नवे करकरीत आहेत. या एका खांबाला रंगवणाऱ्यानं खालून रंग दिला, वरून दिला, आणि डागाभोवती ब्रश जपून वळवला आहे. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं, असं मंगल म्हणाली. मी खाली बसले, खांबाला डोकं टेकलं. माझं डोकं त्या डागाच्या बरंच खाली येत होतं… लोखंड उन्हानं गरम होतं, आणि खोबरेलाचा वास अजून होता.