परत मोजते

दवाखान्यातल्या तरुण सिस्टरने आज माझं मनगट धरलं. तिच्या बोटांना स्पिरिटचा वास होता, आणि त्या वासासरशी मला आई आठवली.

आईही सिस्टरच. अख्ख्या वॉर्डाची नाडी मोजताना आपला आकडा कधी चुकला नाही, असं ठसक्यात सांगायची. मग माझे वडील, अण्णा, अंथरुणाला खिळले आणि आई रजा टाकून घरी राहिली. रोज सकाळी खाटेच्या कडेला बसून त्यांचं मनगट धरायची. मिनिटभराचं काम, पण मोजता मोजता तिचे ओठ मध्येच थांबायचे.

"चुकलं का गं?" अण्णा विचारायचे.

"हो. परत मोजते."

"मोज. मला कुठे जायचंय!"

मला चीड यायची. इतकी हुशार सिस्टर, आणि नेमकी घरीच कशी चुकते? त्या दोघांनी एरवी कधी एकमेकांचा हात धरलेला मी पाहिला नव्हता, हे तेव्हा लक्षातच आलं नाही.

"चुकलं नाही ना?" मी त्या मुलीला विचारलं.

"नाही हो काकू, एकदम बरोबर," ती हसून म्हणाली आणि तिने माझा हात सोडला.