गोंदण पुसलेला फोटो

बोईसर स्टेशनजवळच्या स्टुडिओतून फ्रेम घेतली, रिक्षात बसून वरचा कागद सोडला आणि वाटलं, घाईत दुसऱ्याच कुणाचा फोटो माझ्या हातात दिला. लुगडं ओळखीचं होतं. मागे बोंबील वाळत घातलेल्या काठ्या होत्या, त्याही मीच टिपलेल्या. पण मधल्या बाईचा चेहरा कोरा होता. कपाळावरचे ठिपके नाहीत, हनुवटीवरचे नाहीत, गालावरचा एकुलता एकही नाही. सुरकुत्यासुद्धा गेल्या होत्या. सत्तरीची बाई पीठ चोपडल्यासारखी गुळगुळीत झाली होती. रिक्षावाल्याला म्हटलं, "परत फिरवा."

फोटो मावशीचा होता. मावशी म्हणजे किनाऱ्यावरच्या मुरबे गावाहून आमच्या कॉलनीत मासे घेऊन येणारी कोळीण. मी तारापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते आणि घरही तशाच शिस्तीने चालवते. त्यामुळे कुठल्या वारी आमच्याकडे कुठला मासा लागतो, हे माझ्या नवऱ्यापेक्षा मावशीला जास्त पाठ आहे. एकदा बोंबील साफ करता करता तिनेच विषय काढला.

"बाय, तू कॅमेरा घेऊन गावभर हिंडते. माजा एक फोटो काड. मोठा. भिंतीवर लावायचा."

"आत्तापासून कशाला भिंतीवर?"

"मंग मेल्यावर काडशील? माज्या नवऱ्याचा पोरांनी मतदानाच्या कार्डावरनं मोठा केला. जन्मभर होडीवर गेला बिचारा, आन् भिंतीवर बगशील तर पोलिसांनी पकडून आनल्यासारका दिसतो. माजा मी जित्ती असतानाच लावनार. मला पटला तर."

मी लगेच हो म्हटलं. तिच्या गोंदणावर माझी फार दिवसांची नजर होती. भुवयांच्या मधून वर चढत जाणारी ठिपक्यांची ओळ, हनुवटीवर त्रिकोण, उजव्या गालावर एक. सगळं आता काळपट हिरवं झालेलं. असे चेहरे कमी होत चालले आहेत, असं मी इतरांना नेहमी सांगत असे.

माझ्याकडे दोन कॅमेरे आहेत. डिजिटल रोजच्या वापराचा: वाढदिवस, हळदीकुंकू, कारखान्यातला सुरक्षा सप्ताह. फिल्मचा माझा स्वतःचा. खाऱ्या हवेत भिंगांना बुरशी धरते, म्हणून दोन्ही घट्ट झाकणाच्या डब्यात राहतात आणि डब्यातल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या मी वेळच्या वेळी बदलते. ब्लॅक अँड व्हाइट रोल मी बाथरूममध्ये धुते. तो दोरीवर वाळत असताना घरात पंखा लावायची कुणाला परवानगी नाही, कारण धुळीचा एक कण बसला तरी तो फोटोत दिसतो. मग निगेटिव्ह खालून उजेड देऊन डिजिटल कॅमेऱ्याने टिपते, म्हणजे त्याची फाइल होते. फिल्मवाले मला त्याबद्दल हसतात, डिजिटलवालेही हसतात.

मावशीसाठी फिल्मच काढली. मुरब्याच्या किनाऱ्यावर, सकाळच्या तिरप्या उन्हात. धुतल्यावर एकेक ठिपका सुईच्या टोकासारखा स्पष्ट आला होता. पालघरच्या आमच्या हौशी छायाचित्रकारांच्या मंडळाने बघताक्षणी तो प्रदर्शनासाठी निवडला. मग मावशीची मोठी प्रत आणि फ्रेम करायला मी फाइल त्या स्टुडिओत दिली, आणि तिथून हा कोरा चेहरा परत आला.

स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवरून मान न वळवता सांगितलं, "मॅडम, दाग थे. साफ कर दिये."

"डाग नाहीत ते. गोंदण आहे."

"हाँ, वही. गाँव की कोई भी बुढ़िया का फोटो आता है, घरवाले यही बोलते हैं, निकाल दो. अब तो मैं पूछता भी नहीं."

माझा विश्वास बसेना, म्हणून त्याने पडदा माझ्याकडे फिरवला. एका फोल्डरमध्ये म्हाताऱ्यांचे चेहरे ओळीने मांडलेले होते. कुणी किनाऱ्यावरची, कुणी जव्हारकडच्या डोंगरातली, एखादी जवळच्याच पाम गावची. नाकं वेगळी, लुगडी वेगळी, कपाळं मात्र सगळ्यांची सारखी स्वच्छ. या बायका घरोघरी अशाच लागल्या असणार आणि नातवंडं यांनाच आजी म्हणत असणार. मी त्याला जरा जास्तच बोलले. त्याने शांतपणे मूळ फाइलवरून दुसरी प्रत काढून दिली. येताना मी दोन्ही घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी मावशी आली, तेव्हा मी खरी प्रत तिच्यासमोर धरली. तिने बघितली आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, भरून आलं असेल.

"पिशवीत दुसरा काय हाय?"

"तो बिघडलेला आहे, मावशी."

"बगू."

पदराला हात पुसून तिने फ्रेम लांब धरली. मग जवळ घेतली.

"हा लावते म्हनते मी."

नजर कमी झाली असेल, असं समजून मी म्हटलं, "अहो, यात तुमचं गोंदण पुसलंय."

"दिसतं मला. आंदळी नाय मी."

ती खाली बसली आणि नेहमीसारखी विळीची पात पुसायला लागली.

"गोंदताना दोगी जनींनी धरलेली मला. एक तर छातीवर बसलेली. मी वरडले ते वाडीभर ऐकू गेलं. तोंड एवडं सुजलं का भाकर चावता येईना. तुजं तोंड हाय, तुला पायजे का, असं कोनी इचारलं नाय. आईनं पन नाय."

"पण गोंदण मेल्यावरही सोबत येतं म्हणतात ना?"

"येऊ दे की तिकडं. भिंतीवर कशाला?"

इतकी वर्षं दर आठवड्याला ही बाई माझ्या दारात बसत होती. मी तिच्या कपाळावर पडणारा उजेड बघत होते. ते कपाळ तिला हवं होतं का, असं माझ्या मनातही आलं नव्हतं. वरून प्रदर्शनाचं सांगायचं राहिलं होतं. ते सांगणं भाग होतं.

"लोक बगनार? काय बगनार?"

"तुमचं गोंदण... म्हणजे तुमचा चेहरा."

"पयलं काय म्हनलीस?"

"गोंदण," मी म्हटलं.

"मंग तो गोंदनाचा फोटो हाय. माजा नाय. नको दावू." तिने कोरी फ्रेम पुन्हा उचलली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पन ह्या मेल्यानं सुरकुत्या कशाला काडल्या? त्या माज्या हायत. उनात बसून बसून आल्यात."

मंडळाच्या चिटणिसांना मी फोन केला. ते म्हणाले, "अहो, आपल्या प्रदर्शनातला तोच तर सगळ्यात चांगला फोटो." मी म्हटलं, "ज्यांचा आहे त्यांना नको आहे. उतरवा." नक्की ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. मलाही माझंच बोलणं परक्यासारखं वाटत होतं.

रविवारी मासे विकून झाल्यावर मावशी रिकामी टोपली दाराशी ठेवून माझ्या कॉम्प्युटरजवळ खुर्चीत बसली. मी मूळ फाइल उघडली. सुरकुत्यांना हात लावायचा नव्हता, म्हणून एकेक ठिपका वेगळा पुसावा लागत होता. शेजारची कातडी उचलायची आणि ठिपक्यावर आणून बसवायची. स्टुडिओवाल्याला बोलणारी मी, आता तेच काम त्याच्याहून बारकाईने करत होते. मावशी बोट दाखवत होती. "हा ऱ्हायला. अजून खाली. तिथं नाय, तिथं सुरकुती हाय." कपाळ मोकळं झालं, मग गाल, मग हनुवटीचा त्रिकोण.

शेवटचा ठिपका गेला, तेव्हा आम्ही दोघी पडद्याकडे बघत होतो. हा चेहरा मी कधी पाहिलेला नव्हता. डोळे आधीपेक्षा मोठे आणि बरेच मिस्कील दिसत होते. माझ्या लक्षात आलं की तिनेही तो पाहिलेला नाही. लहानपणी सुया टोचल्या, त्यानंतर ती म्हातारी झाली, आणि मधली सगळी वर्षं हा चेहरा कुणालाच दिसला नव्हता. मावशीचं बोट हवेत तसंच राहिलं होतं.

"अशी हाय व्हय मी," ती हळूच म्हणाली.

मी पाणी आणून दिलं.

"बाय, यात नथ बसवता येल?"

"येईल. कॉम्प्युटरवर सगळं बसवता येतं."

"कॉम्प्युटरची नको. माजी हाय घरी, पेटीत. घालून येते. परत काड फोटो."

"आणि गोंदण?"

"ते परत पूस." तिने टोपली उचलून डोक्यावर घेतली. "रईवारचं दुसरं काम काय हाय तुला?"