मोहाखालचा भाडेकरू

मी शाळेत विज्ञान शिकवते. अंगात येणं, बाहेरची बाधा, उतारे... असलं काही कोणी सांगायला लागलं की माझा चेहरा कसा होतो, ते माझ्या सासरच्यांना विचारा! नणंदबाई अजून मला 'नास्तिक मास्तरीण' म्हणतात. तेव्हा हे मी लिहितेय यावर माझाच विश्वास बसत नाही. पण लिहिते.

गोष्ट दोन हजार सालच्या आसपासची. राजुऱ्यात गावाच्या टोकाला, जिथून पुढे शेतं लागतात, तिथे माझ्या बाबांचं घर होतं. दोन खोल्या, कवेलूचं छप्पर, मागे मोठं आवार आणि आवारात मोहाचं झाड. आई गेल्यावर बाबा चंद्रपूरला माझ्याकडे आले आणि घर भाड्याने दिलं. भाडेकरू म्हणजे लालसूभाऊ आणि त्यांची बायको मैनी. एटापल्लीकडच्या जंगलातले माडिया आदिवासी. लालसूभाऊ रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचे. पुढे बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. नागपूरचे उपचार पगारात भागेनात, म्हणून घर विकायचं ठरलं. मी एकुलती एक, सगळी धावपळ माझीच.

भाडेकरू असलेलं घर विकायचं म्हटलं की गावभर सल्लागार उगवतात. शेजारचे काका म्हणाले, "लाइट कापून टाक, आपोआप पळतीन." वकील मात्र सरळ माणूस. म्हणाले, भाडेकरूसकट घर विकता येतं, घेणाऱ्याला तसं चालत असेल तर. नसेल तर रीतसर नोटीस द्या, मुदत द्या. आणि भाडेकरू अडून बसला तर कोर्टात वर्षं जातील, हेही ऐकून ठेवा.

घेणारे राजुऱ्यातलेच एक व्यापारी होते. त्यांना घर रिकामंच हवं होतं. मी लालसूभाऊंना काही लपवलं नाही. अडून बसायचा हक्क तुम्हाला आहे, हेसुद्धा सांगितलं. ते मान खाली घालून म्हणाले, "बाबूजींचा इलाज थांबवू काय मी, ताई? आमी निंगतो."

मैनी दारात उभी होती. ती म्हणाली, "आमी निंगू. पन तो कसा येईन आमच्यासंग?"

"कोण गं?"

तिने झाडाकडे बोट केलं.

मागच्या वर्षी तिचं पहिलं बाळ तापाने गेलं होतं, एवढं मला माहीत होतं. त्यांच्यात अंगावरचं लेकरू गेलं तर त्याला जाळत नाहीत, मोहाखाली पुरतात. आई नाही तर झाड दूध पाजतं, असं मानतात. बाबांनीच तेव्हा आवारात जागा दाखवली होती. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं; मैनीच्या तोंडून त्या दिवशी कळलं. मी विचारलं, "तुमच्या गावाकडे... नेता नाही येणार का?"

"सामान हाय काय ताई ते?" ती म्हणाली. रागाने नाही. समजावून सांगावं तसं.

झाड राहू द्या, म्हणून मी व्यापाऱ्यांशी बोलले. ते लगेच 'हो' म्हणाले. वकील हसले, पण मोहाचं झाड तोडणार नाही असं कागदावर लिहून घेतलं. मला वाटलं, झालं, मार्ग निघाला.

मोहफुलं गळायच्या दिवसांत त्यांनी घर सोडलं. भरदुपारी टेम्पो भरला. मैनी झाडाखाली जाऊन बसली, जमिनीवर हात फिरवत राहिली. उठताना एवढंच म्हणाली, "लक्ष ठेवजा ताई." टेम्पो गेला. मी मागचं दार लावायला वळले आणि छाती एकदम जड झाली. जिने मूल अंगावर पाजलंय तिला सांगायला नको, पान्हा फुटताना जी कळ येते ना, तीच. खाली पाहिलं तर ब्लाउज ओला. घाम नव्हता. दूध होतं.

माझा मुलगा तेव्हा नववीत होता हो!

मी तिथेच पायरीवर बसले. 

मग हे रोजचंच झालं. चंद्रपूरला, घरी, शाळेत... दुपार झाली की पान्हा यायचा. पर्समध्ये सुती रुमाल ठेवायला लागले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, डोक्याचा स्कॅन काढला, सगळं नॉर्मल. "कधी कधी होतं असं," म्हणाल्या. होत असेल. नवरा म्हणाला, टेन्शन घेऊ नकोस. बेसिनमध्ये पिळून टाकताना मला मात्र रडू यायचं. कोणाच्या तरी तोंडचं आपण फेकतोय असं वाटायचं.

एका रविवारी घरी खोटंच कारण सांगून एसटीने राजुऱ्याला गेले. झाडाखाली बसले, आणि... नववीतल्या मुलाची आई, विज्ञानाची शिक्षिका... मी ते दूध मुळाशी मातीत सोडलं. व्यापाऱ्यांनी घर अजून कुलूपबंदच ठेवलं होतं, आजूबाजूला कोणी नव्हतं. मग जमेल त्या रविवारी जात राहिले. झाड तर होतंच ना तिथे? मग ते बाळ माझ्याकडे कशासाठी? हा प्रश्न तेव्हाही पडायचा, पण हात थांबत नव्हते.

पावसाळा संपता संपता एका दुपारी पान्हा आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सुटले बाई, असं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. शाळेतून अर्धी रजा टाकून राजुरा गाठलं.

झाड नव्हतं. दुकानांच्या गाळ्यांसाठी आवार खोदलं होतं. व्यापारी म्हणाले, "पाया घ्यायचा होता, ताई. झाड मधातच येत होतं." कागदाचं काय, मी विचारलं. ते म्हणाले, "झाडासाठी कोर्टात जाता काय?"

"खोदताना काही... सापडलं?"

"माती. ट्रकानं फेकून देल्ली." कुठे फेकली, ते ट्रकवाल्याला तरी कुठे आठवत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मैनी आणि लालसूभाऊ चंद्रपूरला माझ्या दारात आले. पदरात चारोळी बांधून आणली होती. बाबांची विचारपूस केली. मग मैनी म्हणाली, "राजुऱ्याले जाऊन राह्यलो. झाडाले पाणी टाकून येतो."

खोटं बोलायची माझी फार इच्छा होती. पण ते तिथे जाणारच होते. मी सांगितलं. झाडाचं, मातीचं, आणि नवऱ्यालाही न सांगितलेलं माझं ते दुधाचंही.

लालसूभाऊ उठून अंगणात गेले. मैनीने माझा हात घट्ट धरला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग अगदी हळू तिने विचारलं, "झाडापाशी होता, मंग तुमच्यापाशी आला. आता कोनाकडे गेला असन, ताई?"

मी विज्ञान शिकवते.  दुपार झाली की अजूनही पर्समधला सुती रुमाल चाचपून बघते.