गाऱ्हाण्याची डीव्हीडी

आमच्याकडे गणपतीत गाऱ्हाणं घालतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, हे काही स्तोत्रबित्र नव्हे. घरातल्या मोठ्या पुरुषाने देवासमोर उभं राहून आपल्या मालवणीत एकेकाची अडचण सांगायची. ह्याची नोकरी गेली, तिचं पोट दुखतं, त्याचं काय ते बघ. आणि प्रत्येक मागण्यानंतर बाकीच्यांनी हात जोडून ओरडायचं, "होय महाराजा!" मागायचं ते हक्काने, तावातावाने. देवाशी कसली लाज?

हे काम माझ्या मोठ्या दिरांचं. भावजी गिरणीतले, आवाज असा की चालू यंत्रांमध्येही ऐकू जायचा म्हणे. आम्ही विक्रोळीला एकाच चाळीत, शेजारच्या खोल्यांत. आमचे हे लवकर गेले, म्हणून माझ्या मुलाला अर्धं त्यांनीच वाढवलं. मग तंबाखूने त्यांचा घसा धरला. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण आवाजाची पेटी काढावी लागेल. आम्ही सगळे जिवाच्या काळजीत आणि माझा मुलगा आवाजाच्या. तो अंधेरीला एका स्टुडिओत कामाला, मालिकांचे आवाज भरायचे तिथे. ऑपरेशनच्या आधी एका रविवारी माईक घेऊन भावजींच्या खोलीत बसला. पंखा बंद, दार बंद, सगळे घामाघूम.

"काका, समोर गणपती आहे असं समजा आणि घाला गाऱ्हाणं."

"गणपती खय आसा?"

"कॅलेंडरवर आहे ना. त्याच्याकडे बघा."

भावजी उभे राहिले, सुरू झाले. घसा खरवडलेला, तरी काय जोर! आणि मधेच माझ्या जाऊबाईंच्या कुकरने शिट्टी दिली. मुलगा म्हणाला, "वाट लागली. काका, पहिल्यापासून." भावजी म्हणाले, "आता पुन्ना नाय. देवाक काय कुकर म्हायत नाय?" शिट्टी तशीच राहिली.

आम्ही "होय महाराजा" म्हणायला लागलो तर मुलाने हाताने गप्प केलं. काकांना म्हणाला, "प्रत्येक मागण्यानंतर थोडं थांबा. तिथे मोकळी जागा ठेवतो. होय महाराजा आम्ही दर वर्षी ताजं म्हणू, ते भरून ठेवायचं नसतं." मग हे गाऱ्हाणं, आरत्या आणि भावजींची जुन्या कॅसेटवरची भजनं त्याने एका डीव्हीडीत घातली. मी म्हटलं, एवढं मावलं? म्हणाला, "आई, अजून निम्मी रिकामी आहे." वर मार्करने लिहिलं, 'काकांचं गाऱ्हाणं'. आणि बजावलं, कडेने धरायची, चकचकीत बाजूला बोट लावायचं नाही, पुसायची तर मधून बाहेर, गोल गोल नाही.

पुढच्या गणपतीत भावजी गळ्याच्या भोकावर रुमाल बांधून टीव्हीशेजारच्या स्पीकरपुढे हात जोडून उभे. आवाज त्यांचा, तोंड हलतंय त्यांचं, आणि त्यांच्यातून हूं की चूं नाही. जाऊबाई पदर तोंडाला लावून रडल्या. मग कुकरची शिट्टी आली आणि सगळे हसलो. शिट्टीनंतर माझ्या मुलाची पाळी: "धाकट्याच्या झिलाचा लगीन अडलाहा, ता तू सोडय. बऱ्या घरातला चेडू तेका गावांदे, नि तेचो संसार उभो कर रे महाराजा!" सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं आम्ही ओरडलो, "होय महाराजा!" पोरगा लाजून मोबाईलमध्ये बघत बसला.

लग्न काही जमलं नाही. कामावरून बाईकने येताना हायवेवर गेला तो. त्यावर मी जास्त लिहीत नाही, मला येत नाही लिहायला.

त्या वर्षी सुतक, गणपती आणला नाही. दुसऱ्या वर्षी आणला. आरती झाली, भावजींच्या मुलाने, माझ्या पुतण्याने, नेहमीसारखी डीव्हीडी लावली. कुणाच्याच मनात आलं नाही हो. शिट्टी झाली, हसूही आलं एकदोघांना, आणि लगेच, "धाकट्याच्या झिलाचा लगीन अडलाहा..." पुतण्या रिमोट शोधायला लागला. तोवर ती मोकळी जागा आली, माझ्या पोरानेच ठेवलेली. मी एकटीने म्हटलं, "होय महाराजा."

जेवणं झाल्यावर पुतण्या जवळ येऊन बसला. "काकी, मी ते कॉम्प्युटरवर घेतो आणि तेवढं कापतो. कळणार पण नाही."

"हात तर लावून बघ."

"अगं, तुला त्रास नको म्हणून ना."

"त्रास माझा आहे, तू नको वाटून घेऊ."

त्याला कसं सांगू? सगळ्या जगात तेवढ्या एका ठिकाणी माझ्या पोराचं लग्न अजून व्हायचं होतं. दर वर्षी मी तिथे एकटी "होय महाराजा" म्हणायची. बाकीचे खाली बघायचे. आणि कापतील म्हणून मी डीव्हीडी कॉम्प्युटरला लावूच दिली नाही. तेव्हा लावली असती तर दुसरी प्रत तरी झाली असती, हे आता कळतंय.

मग एका वर्षी ती अडखळायला लागली. एकच अक्षर तीनतीनदा. पुतण्याने बाहेर काढली, मी हातात घेऊन उलटी केली, तर चकचकीत बाजूला मधोमध हळदीकुंकवाचा डाग आणि भोवती गोल गोल ओरखडे. जाऊबाई दर गणपतीत ती पाटावर मांडून पूजा करायच्या हे मी बघत होते. पण कुंकू अक्षरांच्या बाजूला लावतात, असंच मी धरून चाललेले.

"वहिनी, या बाजूला का लावलंत?"

"चकचकीत ता तेचा तोंड ना गो? कुंकू तोंडाक लावतत. पाठीक कोण लायता?"

आणि विसर्जनानंतर ओल्या पदराने पुसून ठेवायच्या, आरसा पुसतात तशी. नवऱ्याचा आवाज होता तो त्यांच्या. त्यांनी देवासारखा सांभाळला.

पुतण्याने घाटकोपरच्या एका दुकानात दिली. दुकानदाराने घासली, दुसऱ्या मशीनला लावली, दोन दिवस ठेवून घेतली. आरत्या आल्या. भजनं बरीचशी आली. गाऱ्हाणं कुकरच्या शिट्टीपर्यंत आलं. शिट्टीच्या पुढे काही नाही. पुतण्या हे मला सांगताना भिंतीकडे बघत होता.

यंदा प्रश्न पडला, गाऱ्हाणं घालणार कोण? अर्धं लावणं बरं दिसेना. पुतण्या म्हणाला, "मला नाही जमत. माझी मालवणी ऐकून देव गाव सोडेल."

जाऊबाई म्हणाल्या, "बायल माणसान घालूचा नसता, नायतर हिका सगळा तोंडपाठ आसा."

"मग काय मोबाईलला घालायला सांगू, आई?"

भावजींनी वाद ऐकला आणि माझ्या पाठीला हात लावून मला पुढे ढकललं. झालं. मी पदर घेऊन उभी राहिले. पाठ होतंच. त्यांच्यासारखाच हेल काढत गेले, सगळे जोरात उत्तर देत होते. शिट्टीच्या जागी माझी मीच थांबले आणि नातीला, म्हणजे पुतण्याच्या मुलीला, हसू फुटलं.

मग माझ्या मुलाची पाळी आली. शब्द जिभेवर होते. मी ठरवून आले होते की म्हणायचं, कुणाला काय वाटायचं ते वाटो. पण भावजींनी ते मागितलं तेव्हा त्यांना पुढचं ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. समोर मूर्ती, मागे एवढी माणसं, आणि गेलेल्या पोरासाठी बायको मागायची? गाऱ्हाणं जित्या माणसाचं घालतात. मी म्हटलं, "ह्या नातीचो दमो बरो कर रे महाराजा!" आणि सगळे ओरडले, "होय महाराजा!" सुटल्यासारखे ओरडले.

भावजींनी माझ्या खांद्याला बोट लावलं आणि भिंतीवरच्या त्याच्या फोटोकडे दाखवलं. विसरलीस? मी मान हलवली, नाही. त्यांनी हात खाली घेतला.

कापू दिलं नव्हतं मी कुणाला.

डीव्हीडीचं काय करायचं, तर जाऊबाई म्हणाल्या, पूजेतली वस्तू आहे, कचऱ्यात टाकायची नाही. म्हणून दीड दिवसाच्या विसर्जनाला मी ती दूर्वा-फुलांबरोबर निर्माल्याच्या पिशवीत ठेवली. तलावावर हिरवं जाकीट घातलेली एक मुलगी प्रत्येकाची पिशवी उलटी करून बघत होती. तिने फुलं पिंपात टाकली आणि डीव्हीडी नेमकी कडेने धरून माझ्यापुढे केली.

"आजी, हे नाही चालत. प्लास्टिक आहे ना. घरी घेऊन जा."

घेऊन आले.