आप्पांनी न पाहिलेला पिक्चर

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गावी न्हावऱ्यात साठवणीच्या चाळीतला कांदा निवडत बसलो होतो. पुतण्या एवढंच म्हणाला, "काका, आप्पा गेले." मी "बरं" म्हणालो. हातातला सडका कांदा मी चांगल्या ढिगात टाकला होता, हे नंतर बायकोनं दाखवलं.

आप्पा माझे थोरले चुलतभाऊ. दौंडला रेल्वेत सिग्नलच्या कामावर जन्म गेला आणि निवृत्तीनंतर सिनेमा बघणं हीच त्यांची ड्युटी झाली. नवा पिक्चर लागला की पहिल्याच दिवशी एकटे जायचे आणि दुसऱ्या सकाळी घरच्या ग्रुपवर बोलून पाठवायचे. चांगला की वाईट हे चुकूनही सांगायचे नाहीत. कुणी बघावा, एवढंच. "मारामारीचा हाय. दिवसभर राबलेल्यानं बघावा, बिनकामाच्यानं न्हाई." किंवा, "सासू-सुनेनं जरूर बघावा, पर येगयेगळ्या दिवशी." आम्ही हसायचो आणि मुकाट तसंच वागायचो. माझे वडील गेले त्या वर्षी एक पिक्चर फार चालला होता. आप्पांनी मुद्दाम फोन केला, "तू न्हाई जायचं." मला राग आला. मी काय कुक्कुलं बाळ आहे? हट्टानं गेलो आणि मध्यंतरातच तोंड धुऊन घरी आलो.

यंदा तेच अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी आशा सोडली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, आप्पांना कळू द्यायचं नाही. साधी कावीळ आहे, उतरेल, असं सांगत राहिलो. त्याच सुमारास एक पिक्चर आला, जो तो त्याच्याविषयीच बोलत होता. आप्पा म्हणाले, "मला काय जाता येत न्हाई. तू बघून ये आन् सांग." गेलो. पडद्यावर एका म्हाताऱ्याचा आजार घरचे त्याच्यापासूनच लपवत होते... थेट आमचंच घर.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खाटेशी बसून म्हणालो, "विनोदी आहे, आप्पा."

"कुणी बघावा?"

"सगळ्यांनी."

"सगळ्यांनी बघावा असा पिक्चर नसतो रे," म्हणाले आणि माझ्याकडे बघतच राहिले. तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. नाही जमलं. मी खाली मान घालून मोसंबी सोलत बसलो. आठवड्याच्या आत ते गेले.

परवा दौंडला गेलो होतो. वहिनींनी चहा दिला आणि समोर बसल्या.

"भावजी, तुमी बघून आलता त्यो पिक्चर मोबाईलवर आलाय म्हनं. बघू का?"

"आत्ताच कशाला, वहिनी?"

"ह्यांनी सांगितलं हुतं. जायच्या आदल्या दिवशी म्हनाले, तू बघ त्यो, पर मी गेल्यावर. मी लई रागावले, असलं अभद्र कशापायी बोलता म्हनून..." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "भावजी, ह्यांना समदं म्हाईत हुतं का वो?"

मोबाईल हातात धरून वहिनी माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.