आधी सांगून खेळणारे साडू

माझ्या साडूंइतका सभ्य माणूस पत्त्यांच्या टेबलाशी अख्ख्या वऱ्हाडात दुसरा बसला नसेल, आणि त्यांच्याइतका वेळ खाणाराही. पत्ते म्हणजे तीन पानी नव्हे, हे मी घाईने सांगतो आणि सांगताना अजून कान तापतात. राक्षसांची, जादूगारांची रंगीत चित्रं असलेले ते पत्ते होते. प्रत्येकाने आपल्या पसंतीचे पत्ते निवडून घरून डेक बांधून आणायचा आणि चौघांनी एकमेकांविरुद्ध खेळायचं. खेळ पुण्याहून आणला बँकेतल्या वानखड्यांनी. सलीमभाईंचं अकोल्यात टायरचं दुकान, मी अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल, आणि साडूंचं तालुक्याला बी-बियाण्यांचं दुकान. चौघांचेही केस पिकलेले. दर रविवारी सलीमभाईंच्या दुकानामागच्या खोलीत जमायचो आणि दार लोटून घ्यायचो. लोकांच्या शेतांत एवढं वाईट चाललेलं असताना आपण राक्षस लढवतो, हे कुणी पाहू नये असं प्रत्येकाला वाटे. बोलत मात्र कोणी नसे.

साडूंचं डेक बांधणं म्हणजे मुलीसाठी स्थळं पाहणं. एकेक पत्ता उजेडात धरायचे, वाचायचे, बाजूला ठेवायचे, पुन्हा उचलायचे. मी वाढदिवसाला त्यांना एक जबरदस्त पत्ता दिला होता, टाकला की डाव संपलाच. त्यांनी तो आठवडाभर ठेवून परत केला. ‘चांगला हाये, साडूभाऊ. पन हा एकटाच खेळते. बाकीच्यायनं काय पाहत बसाचं?’ त्यांच्या डेकमध्ये राक्षस मोजके आणि सगळ्यांना काही ना काही वाटणारे पत्ते भरपूर. चहा येण्याआधी कोणाला खेळातून बाद करायचं नाही, हा त्यांचा कायदा. कोणी चुकीचा पत्ता टाकला की ‘घ्या परत, विचार करा’ म्हणायचे, मग त्या विचारात आमचा अर्धा रविवार जायचा. हल्ला करायचा तर परवानगी मागायचे. ‘सलीमभाई, जरासं लागन. मारू?’ सलीमभाई वैतागायचे, ‘अरे मारो ना भाई! रिश्ता मांगने आए हो क्या?’

पण सर्वांत कडक नियम आधी सांगण्याचा. डाव मांडण्यापूर्वी आपल्या डेकमध्ये काय आहे, त्याने समोरच्याचं काय नुकसान होऊ शकतं, हे प्रत्येकाने सांगायचं. साडू इतकं सविस्तर सांगायचे की एकदा पहिला पत्ता पडण्याआधी कचोऱ्या संपल्या आणि लाईट गेली. ‘न सांगता मारनं म्हंजे दगा,’ ते अंधारात म्हणाले.

बोंडअळीने कपाशी आतून पोखरली त्या वर्षीची गोष्ट. एका रविवारी मालवाहू ऑटो पंक्चर काढायला दुकानात आला. त्यातून उतरलेल्या एक काकू पाणी मागत थेट आमच्या खोलीत शिरल्या. साडूंच्या जुन्या गिऱ्हाईक, स्वतः शेती करणाऱ्या.

‘अगं माय! भाऊ, तुमी पत्ते खेळून राहिले?’

साडूंच्या हातात तीन डोक्यांचा राक्षस होता. तो कुठे लपवावा त्यांना सुचेना. ‘जुगार नाई हो काकू,’ ते म्हणाले.

काकू ग्लास घेऊन स्टुलावर बसल्या. चित्रं निरखली. ‘येवढा मोठा राक्षस हातात, अन् मारून काहून नाई राहिले?’

‘मारीन ना. पन या तिघायले मी आधीच सांगून ठेवलं हाये, याच्यापासून जपून राहा म्हनून. आमच्या इथं तसा कायदा हाये.’

काकूंनी ग्लास खाली ठेवला. ‘अन् बियान्याची पिशवी देतानी?’

साडूंनी राक्षस हातातल्या बाकीच्या पत्त्यांत सरकवला.

‘अळी लागतच नाई, असं म्हनून देल्ली होती तुमी. बोंड फोडलं तं आत अळीच.’

आवाज चढलेला नव्हता. बाहेर ऑटोवाल्याने हॉर्न दिला, काकू पदर सावरत गेल्या. साडूंनी पत्ते पालथे ठेवले. वानखडे टेबलाकडे पाहत राहिले, मी वानखड्यांकडे.

पुढच्या हंगामात साडूंच्या दुकानात काउंटरवर भाषणं सुरू झाली. पिशवी हातात देण्याआधी ते तिचे सगळे दोष सांगायचे: अळी कधी येऊ शकते, पाऊस लांबला तर काय होईल, कंपनी काय म्हणते आणि ती काय बोलत नाही. रांग दाराबाहेर जायची. कंपनीचा माणूस हात जोडून म्हणाला, ‘साहेब, तुम्ही बियाणं विकता की लोकांना घाबरवता?’ साडूंनी त्यालाही पूर्ण माहिती दिली.

मग काकू आल्या. साडूंनी त्यांना खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं.

‘मंग दुसरं कोनतं हाये?’

‘दुसरं बी असंच हाये, काकू.’

‘मंग द्या हेच.’

हे साडूंनी आम्हाला त्या रविवारी सांगितलं, डेकची पेटी न उघडता. ‘आपल्या इथं सांगतलं तं मानूस दुसरा डेक काढते,’ ते म्हणाले. ‘तिनं काय काढावं?’ एवढी पुस्तकं हाताखालून गेलेला मी, पत्ते पिसत बसलो. सलीमभाई चहा सांगायला उठले. साडू पुढे येत राहिले, पण खेळायला नाही. बाजूला बसून आमचे डाव पाहायचे. दुकानातलं सांगणं मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. त्याचा काय उपयोग, असं मला वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. काकू भेटायला आल्या. मेव्हणीजवळ बसल्या. उठताना तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, ‘मिरगाच्या आधी दुकान उघडजो, बाई. अवंदा आमाले कोन सांगीन?’