पॅट्रिकसाहेबाचं गाव कोणतं?

मंगळवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. तिथून हे सुरू झालं. जपानात, ग्योतोकूच्या बागेत आम्ही चार मराठी बायका एका बाकावर बसतो, पोरं घसरगुंडीवर, आणि किस्से आपोआप साठत जातात. बाकीच्यांचे ऑफिसातले. माझे सगळे माझ्याच फजितीचे!

तर तीन दहाला माझ्या लेकीच्या, ओवीच्या इंग्रजी क्लासच्या नोराबाई, इथल्या भाषेत नोरासान, थेट माझ्याकडे आल्या. उठून, वाकून पाच वेळा "सुमिमासेन", माफ करा, म्हणून टाकलं. पोरीने कुणाला तरी चावलं असणार!

नोरासान गोंधळल्या. "मला तुमची मदत हवीय."

शेजारी बसलेली मेघनाताई म्हणाली, "अगं, गुन्हा विचारून तरी माफी माग!"

*

नोरासान ऑस्ट्रेलियाच्या, पण पणजोबा पॅट्रिक डॉयल मूळचे आयर्लंडचे. घर सोडून निघाले, काही वर्षं इगतपुरीला रेल्वेत काढली, मग ऑस्ट्रेलिया. गाव कोणतं, शाळा कोणती, घरात कुणालाच ठाऊक नाही. नोरासानचे वडील आता थकलेत. त्यांना सुट्टीत एकदा ते गाव दाखवायचं. तिकिटं काढलेली, गावाचा पत्ता नाही! हाताशी पणजोबांचा एक जुना फोटो, मागे शाईने मराठी ओळी.

मेघनाताई आयटीतली. तिने भाषांतराचं ॲप लावलं. ॲप म्हणालं, ही पावाची रेसिपी आहे.

मग फोटो माझ्या हातात. बाकावर मी बारावी झालेय असं सांगून ठेवलेलं. खरी सातवी. पण अक्षर थेट माझ्या दादांच्या, म्हणजे वडिलांच्या पत्रातल्यासारखं! घडाघडा वाचलं, "पॅट्रिक थॉमस डॉयल साहेब, मूळ गाव ड्रमकारी. लोभ असावा. सखाराम मुकादम."

"गावसुद्धा लिहिलंय?" मेघनाताई.

"लिहिणारच! आपला माणूस गाव विचारल्याशिवाय सोडतो का कुणाला?"

*

त्या दिवसापासून मी स्वतःला फार शहाणी समजायला लागले. क्लासच्या पावतीवर बाईंचं नाव नोरा ग्रेस डॉयल. मी दोन आठवडे रोज विचारत होते, "ग्रेसकाका कसे आहेत?"

शेवटी नोरासान म्हणाल्या, "ग्रेस मीच. आमच्यात मधलं नाव वडिलांचं नसतं."

बाक हसून हसून हलला. मी जमिनीत जायचीच बाकी!

*

नोरासाननी ड्रमकारीच्या शाळेला लिहिलं होतं, त्याचं उत्तर आलं. जुन्या हजेरीपटात पॅट्रिक डॉयल चार! तुमचे कोणते? पुढे फक्त बापाचं नाव आणि धंदा.

मी हळूच म्हटलं, "थॉमसचा बघा."

मेघनाताईने कपाळाला हात लावला. "परत ग्रेसकाका?"

"अगं, फोटोवरचं नाव साहेबाने थोडंच लिहिलंय? सखाराम मुकादमाने लिहिलंय. त्याने गाव विचारलं, तर बापाचं नाव नाही विचारणार?"

नोरासाननी उत्तर पुन्हा वाचलं. चौघांत थॉमसचा एकच होता.

*

त्या पानाचा फोटो आला, तेव्हा नोरासाननी बाकावरच मोठ्याने वाचला. "पॅट्रिक. वडील थॉमस, मजूर. इयत्ता तिसरी. शाळा सोडण्याचं कारण..." त्या थांबल्या. जराशा लाजल्या. "बटाट्याची काढणी."

"फक्त तिसरी?" मेघनाताई म्हणाली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी सातवी. कारण, कांद्याची काढणी."

घसरगुंडीवरून ओवी ओरडली, "सुगोई! भारी! आई चारने पुढे!"

नोरासान उठल्या. माझ्यासमोर वाकल्या, अगदी खाली, जपानी पद्धतीने. मग विचारलं, "तुमचं गाव कोणतं?"

परवा त्या वडिलांना घेऊन ड्रमकारीला निघाल्या. येताना दोघं इगतपुरीला उतरणार आहेत. तिकडे सखाराम मुकादमांच्या घरातलं कुणी असेल, तर डॉयलसाहेबाची माणसं भेटायला येताहेत, एवढा निरोप पोचवा. कुणी सांगितलं असं विचारलं, तर म्हणा, ग्योतोकूच्या कांदेवालीने.